एका वेळी एकच घर

१

अहिल्यावहिनींच्या वर्षश्राद्धाची जेवणं आटोपली, गुरुजी दक्षिणा घेऊन गेले, आणि शांतारामने कपाटातून एक व्हिडिओ कॅसेट काढली. १९९६ चा डिसेंबर होता. बाहेर छान ऊन पडलं होतं, पण खोलीतून कुणी हललं नाही. सगळे त्या कॅसेटसाठीच थांबले होते.

शांतारामची मुलगी राधा पलंगाच्या कडेला बसली होती. आदल्या वर्षी दिल्लीच्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात अहिल्यावहिनींनी स्वतः लिहिलेली एकांकिका केली, तेव्हा राधाची पुण्यात परीक्षा होती. ‘पुढच्या वर्षी येईन,’ असं तिने फोनवर सांगितलं होतं. पुढच्या वर्षापर्यंत आई राहिली नाही. आता आईचा आवाज एवढ्या एका कॅसेटमध्ये होता, आणि शांताराम मुलीला आणायला पुण्याला जाऊन आला होता तो तिने हे पाहावं म्हणूनच.

“पहिली पाच मिनिटं सिनेमा येईल हं,” शांताराम म्हणाला. “जुन्या कॅसेटवरच घेतलं होतं मी नाटक. अहिल्या म्हणाली, माझं नाव घालू नकोस वर, येईल त्याला दाखवत बसशील. म्हणून खोकंही सिनेमाचंच ठेवलं.” त्याने खोकं वर करून दाखवलं. त्यावर एका रटाळ पौराणिक सिनेमाचं नाव होतं.

पडद्यावर सिनेमा आला नाही. एक चष्मेवाले प्राध्यापक आले, फळ्यावर झाडाचं पान काढलेलं, आणि त्याच्या शिरा कशा असतात ते इंग्रजीत समजावू लागले. पाच-सात सेकंदांत तेही गेले आणि पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या दिसू लागल्या.

“ही कुठली कॅसेट लावलीस?” पहिल्या मजल्यावरचा शशिकांत म्हणाला. शांतारामने कॅसेट पुढे पळवली. मुंग्या. आणखी पुढे नेली. मुंग्याच. आम्ही सगळे माना पुढे काढून पडदा बघत होतो. शशिकांतची बायको साधना तेवढी शांतारामच्या हातातलं खोकं बघत होती. तिच्या हातातल्या तबकातली सुपारी जमिनीवर सांडली.

राधा रडली नाही. “बाबा, राहू दे,” एवढंच म्हणाली, आणि ते ऐकवेना.

काय करावं ते न सुचून गुलाबरावांची सून चेतना चहाचे कप फिरवू लागली. गुलाबराव म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, राहणार दुसरा मजला. सून, म्हणजे त्यांच्या यतीनची बायको, करोलबागेतली पंजाबी मुलगी, उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. अहिल्यावहिनींना तिने कधी पाहिलंही नव्हतं. माझ्या बायकोसमोर कप धरून ती म्हणाली, “घ्यावा, वन्सं.” हल्ली सख्ख्या नणंदेलाही कुणी वन्सं म्हणत नाही, आणि माझी बायको तर तिला काकू लागते. एरवी आम्ही हसलो असतो.

माझ्या बायकोने चहा बाजूला ठेवला, मशीनमधून कॅसेट काढून घेतली आणि तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

“शांतारामभाऊजी, ही खराब झालेली नाही,” ती म्हणाली. “ही कुणीतरी पुसली आहे. ठरवून.”

२

माझ्या बायकोचं नाव कुसुमावती. कायदा मंत्रालयात आयुष्य काढून ती निवृत्त झाली आणि मी ऑडिटमधून. दोघांनीही जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. फरक एवढाच, की तिला त्या अजूनही सापडतात. मला चष्मासुद्धा तीच शोधून देते.

“कॅसेटच्या पाठीवर एक खिट्टी असते,” तिने राधाला दाखवलं. “ती मोडली, की मशीन त्या कॅसेटवर काही नवीन घेत नाही. बाबांनी ही मोडलेली आहे. म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी नाटक पुसलं जायला नको. पण तिथल्या भोकावर चिकटपट्टी लावली, की मशीन फसतं. इथे बोट लाव. चिकट लागतंय ना?”

मग तिने कपाटातल्या सगळ्या कॅसेटा थोड्या थोड्या लावून पाहायला सांगितल्या. सिनेमाच्या एकूण एक पुसलेल्या निघाल्या. शशिकांतच्या मुलीचं लग्न, मंडळाची कोजागिरी, हे घरगुती सारं जसंच्या तसं होतं. सगळी खोकी फडक्याने पुसून पुन्हा ओळीत लावलेली होती.

आता शांतारामच्या तारेबद्दल सांगायला हवं.

शांतारामला सिनेमाचं वेड, आणि एकट्याने काही खायचं-बघायचं नाही ही खोड. त्याने आपल्या व्हीसीआरपासून जिन्यातून तार वर नेली होती. एक शशिकांतकडे, एक गुलाबरावांकडे, एक गच्चीवरच्या खोलीत यूपीएससीची तयारी करणाऱ्या जयदीपकडे. पैसे कुणाकडून घेत नसे. आम्ही तळमजल्यावर त्याच्या समोरच्या दारात राहतो, पण आमच्याकडे तार नव्हती, कारण कुसुमने घेऊ दिली नाही. आदल्या वर्षी कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती आली तेव्हा तिने त्याला सांगितलं होतं, की घरात बसून बघा, कुणी विचारणार नाही. पण एकापेक्षा जास्त घरांना एकाच वेळी दाखवलंत, तर कायदा त्याला लोकांना दाखवणं म्हणतो. त्यात सिनेमाच्या कॅसेटा बाजारातल्या नकला.

यावर दुसऱ्या कुणी तार काढून टाकली असती. शांताराम सरकारी नोकरीत मुरलेला माणूस. त्याने कायद्यातले शब्द धरले आणि तारेला खटका बसवला. खटका एका वेळी एकाच घराकडे वळायचा. ज्याची पाळी, त्याने बघायचं. त्या वेळी शांताराम आपला स्वतःचा टीव्हीसुद्धा बंद करून वर्तमानपत्र वाचत बसायचा. “एका वेळी एकच घर, वहिनी. आता बोला,” असं तो कुसुमला मोठ्या अभिमानाने म्हणाला होता. बघायचं पण नक्कल करायची नाही, अशी शपथही त्याने तिन्ही घरांना घातली होती.

“कोर्ट हसेल तुमच्या खटक्याला,” कुसुम तेव्हा म्हणाली होती. जिन्यात, सगळ्यांदेखत म्हणाली होती.

आणि पंधरवड्यापूर्वी शांताराम पुण्याला गेला, त्याच सुमाराला पलीकडच्या ब्लॉकमधल्या केबलवाल्यावर धाड पडली. पोलिस पोत्यात भरून कॅसेटा घेऊन गेले.

“घरगुती कॅसेटांना धक्का नाही, फक्त सिनेमे गेले,” घरी येऊन कुसुम म्हणाली. “हे वैर नाही, अहो. हे भय आहे. शांतारामभाऊजी नसताना या जिन्यातलं कुणीतरी भ्यालं.”

३

शांताराम पुण्याला असताना त्याच्या घरी झोपायला जयदीप जात असे. तेव्हा संशयही आधी त्याच्याकडेच गेला. दुसऱ्या दिवशी रविवार होता, सगळे घरी सापडणार होते. आम्ही आधी गच्चीवर गेलो.

जयदीप परभणीकडचा. वडील एसटीत कंडक्टर. खोलीच्या चारी भिंतींवर नकाशे, राज्यघटनेची कलमं, नद्यांचे तक्ते, आणि ते सगळं चिकटपट्टीने लावलेलं. चिकटपट्टीचं एक मोठं भेंडोळं टेबलावरच पडलं होतं. मी कुसुमकडे पाहिलं. ती भेंडोळ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती.

“काकू, तुम्ही काय विचारायला आलात ते कळतंय मला,” तो म्हणाला. “धाड पडली त्या दिवशी मी माझ्या खोलीतली तार उपटून टाकली. खोटं कशाला बोलू? मेन्सचा रिझल्ट यायचाय. सिलेक्शन झालं तर पोलिस व्हेरिफिकेशन होणार. त्यात केस निघाली तर खल्लास ना यार. पण अहिल्याकाकूंची कॅसेट? मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी महिनाभर मऊ भात पाठवलाय वर.”

“तिची कॅसेट कुठल्या खोक्यात होती, ते तुला माहीत होतं?”

“नाही. कालच कळलं.”

“म्हणजे सिनेमा समजून तू पुसू शकला असतास.”

जयदीपचा चेहरा उतरला.  कुसुमने विचारलं, “शांतारामभाऊजींच्या घराची किल्ली दिवसा कुठे असायची?”

“साधनाकाकूंकडे. त्या तुळशीला पाणी घालायच्या. सकाळी क्लासला निघताना मी त्यांच्या दारात द्यायचो, संध्याकाळी त्यांच्याकडूनच घ्यायचो. दिवसभर मी राजेंद्रनगरला, क्लासमध्ये. तिथे हजेरी असते, तुम्ही बिल्कुल विचारून बघा.”

उतरताना मी म्हणालो, “पोरगा खरं बोलतोय असं वाटतं.”

“वाटणं तुमच्या ऑडिटमध्ये चालत असेल,” ती म्हणाली आणि दुसऱ्या मजल्यावर गुलाबरावांच्या दारावरची घंटा दाबली.

गुलाबरावांनी दार उघडलं, आणि आम्हाला बघून ते असे दचकले, की मला त्यांची कीवच आली.

४

गुलाबराव नागपूरकडचे, रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला मोकळे. त्या दिवशी मात्र ते सोफ्यावर बसेनात. टीव्हीसमोर उभे राहूनच बोलत राहिले.

“माझ्यावर काहून शक घेता, ताई? किल्ली माझ्याकडे नव्हती. दिवसभर मी ऑफिसात.”

“शक नाही घेत. एवढंच विचारते, तुमच्या घरात व्हीसीआर आहे ना?”

“आहे म्हणजे, होता. बिघडला. किती महिने झाले, तसाच पडून आहे.”

कुसुमने मान डोलावली. गुलाबरावांच्या मागे टीव्हीखाली लोकरीच्या विणलेल्या झाकणाखाली ते मशीन होतं, आणि विणीच्या भोकांतून त्याच्या घड्याळाचे हिरवे आकडे दिसत होते. मी मनगटावर पाहिलं. आकडे मिनिटाला मिनिट बरोबर होते. बिघडून पडलेलं मशीन इतकी बरोबर वेळ सांगत नाही.

तेवढ्यात चेतना चहा घेऊन आली. मी घोट घेतला. साखर नव्हती.

“अगं बाई, विसरले,” ती म्हणाली. ओढणीचं टोक उचलून त्याला मारलेली गाठ तिने आम्हाला दाखवली आणि मानेला एक झोका देऊन म्हणाली, “गाठ आहे हो, पण कशाची ते पदराला विचारा.”

मला हसू आलं. गुलाबराव हसले नाहीत. “जा, साखर आण,” ते जरा जोरातच म्हणाले. कुसुमने कप तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच थांबला. तिच्या कपाळावर आठी पडली. जिना उतरताना मी विचारलं तर म्हणाली, “काहीतरी राहून गेलं. काय ते लक्षात येत नाहीये. त्या घड्याळाकडे बघत बसले मी.”

“गुलाबराव काहीतरी लपवताहेत,” मी म्हणालो.

“ते तर मांजरालाही कळेल.”

पहिल्या मजल्यावर शशिकांत एकटाच बाहेरच्या खोलीत होता. त्याचं नाव बढतीच्या यादीत होतं, आणि धाडीच्या दिवसापासून तो झोपला नव्हता असं त्यानेच सांगितलं. “मी रोज चार्टर्ड बसने जातो नि चार्टर्ड बसने येतो, वहिनी. वर्षात एक रजा घेतलेली नाही मी. आणि मी असतो ना, तर कॅसेटा पुसत बसलो नसतो. मशीनच उचलून यमुनेत टाकलं असतं.”

“साधना कुठे आहे?”

“आत. कालपासून ताप आहे. जेवली नाही. अहिल्यावहिनींची मैत्रीण ना ती.”

कुसुमने आतल्या बंद दाराकडे पाहिलं. “उद्या येते,” ती म्हणाली, आणि आम्ही निघालो. समोरच्या घरात राधा खिडकीशी उभी होती. तिची परतीची गाडी परवाची होती.

५

संध्याकाळी आम्ही मटार सोलत बसलो. म्हणजे सोलत मी होतो. कुसुम एकच शेंग हातात धरून बसली होती.

“त्या प्राध्यापकांचं काय करायचं?” मी विचारलं. “पानवाल्या.”

“त्यांनीच तर सगळं सांगितलंय. दूरदर्शनवर विद्यापीठाचे ते धडे कधी लागतात? दुपारी. आणि आडवारी. पुसणाऱ्याने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, तर आधी दूरदर्शन यायला लागलं. मग त्याने रिकामं चॅनेल लावलं, आणि तिथून पुढे मुंग्या. म्हणजे हे काम आडवारी दुपारी झालं.”

“तेव्हा जयदीप क्लासमध्ये, गुलाबराव आणि शशिकांत ऑफिसात.”

“आणि एक कॅसेट पुसायला तिच्या लांबीइतकाच वेळ लागतो. अख्खा सिनेमा. म्हणजे एक दुपार नाही, कित्येक दुपारी. रोज जाऊन बसायचं, आणि कुणाला नवल वाटायला नको. बरं, खोकी फडक्याने पुसून लावलेली. किल्ली कुणाकडे होती?”

मी सोलायचं थांबवलं. “कुसुम, नाही. ती अहिल्यावहिनींची जिवाभावाची मैत्रीण. नाटकात दोघीच तर होत्या. ती त्यांचा आवाज पुसेल?”

“तिला ठाऊक असतं तर तिने हात कापून घेतला असता,” कुसुम म्हणाली. “काल मुंग्या आल्या तेव्हा सगळे पडद्याकडे बघत होते, कारण काय झालं ते त्यांना कळत नव्हतं. साधना खोकं बघत होती. तिला त्या क्षणी कळलं.”

 शेंग तशीच ताटात टाकून ती म्हणाली, “आणि ‘कोर्ट हसेल’ हे जिन्यात उभं राहून मी म्हटलं होतं. साधना दारात उभी होती तेव्हा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शशिकांत ऑफिसला गेल्यावर कुसुम मला घेऊन वर गेली. साधनाने दार उघडलं. कुसुमने काही विचारलं नाही, नुसता तिचा हात धरला. साधना दारातच खाली बसली.

“यांना झोप लागत नव्हती, कुसुमताई. माणूस नुसता छताकडे बघत राहायचा. म्हटलं, सिनेमे पुसून टाकावेत, म्हणजे पोलिस आले तरी नुसत्या कोऱ्या कॅसेटा सापडतील. शांतारामभाऊजींवरही बालंट नको. मी चोरी नाही केली हो. प्रत्येक कॅसेट आधी लावून बघितली. घरातलं काही असेल तर ठेवायचं म्हणून. हिच्यावर सिनेमाचीच नावं आली; आमच्या पाळीला मी उशिरा बसले होते, ती नावं मी पाहिलीच नव्हती. नावं आली म्हणजे सिनेमाच, या हिशेबाने...” 

सिनेमा पाचच मिनिटांचा होता. चार मिनिटं तिने पाहिली असतील; आणखी थोडी थांबली असती, तर अहिल्यावहिनी दिसल्या असत्या.

“मी त्या खोलीत बसून स्वेटर विणत होते,” ती म्हणाली. “समोर ती पुसली जात होती नि मी टाके मोजत होते. कुसुमताई, ती विसराळू आत्याबाई झाली होती आणि मी तिची भावजय. पडदा उघडला, की पहिलं वाक्य माझं. दूध घेऊन जायचे आणि म्हणायचे, ‘घ्यावं, वन्सं.’ मग ती पदराची गाठ पुढे करायची आणि मान उडवून म्हणायची...”

कुसुम ताडकन उठली.

“गाठ आहे हो, पण कशाची ते पदराला विचारा,” कुसुम म्हणाली.

आणि मला, ज्याने गणेशोत्सवात पहिल्या रांगेत बसून ते अख्खं नाटक डोळे मिटून ऐकलं होतं आणि त्यातला शब्दही ज्याच्या कानांत शिरला नव्हता, त्या मलाही आदल्या दिवशीचा बिनसाखरेचा चहा आठवला.

६

“तू आधी खाली जा,” कुसुम साधनाला म्हणाली. “राधाला तू स्वतः सांग. दुसऱ्या कुणाकडून तिला कळायला नको. मी वरून येते.”

साधना पदराने तोंड पुसून जिना उतरली. आम्ही चढलो.

रविवार नव्हता, तरी गुलाबराव घरीच होते. त्यांनाही झोप लागली नसावी. कुसुम बसली नाही.

“चेतना या घरात उन्हाळ्यात आली,” ती म्हणाली. “अहिल्या त्याआधीच गेली. तुमच्या घरात नागपुरी बोलतात. मग या मुलीने ‘वन्सं’ कुठून आणलं? पदराची गाठ कुठून आणली? अहिल्येने ते नाटक स्वतः लिहिलं, एकदाच केलं. शांतारामभाऊजींनी कॅसेट तुमच्या तिन्ही घरांना एकेकदा दाखवली, ज्याच्या त्याच्या पाळीला. एका वेळी एकच घर, म्हणून दुसऱ्या घरात काय चाललंय ते कुणी बघायला नव्हतं. चेतनाने ते कितीदा पाहिलं असेल, गुलाबराव? मानेच्या झोक्यासकट पाठ आहे तिला.”

गुलाबरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

चेतना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला काहीच कळलं नव्हतं. “आंटी, वो तो यतीनने दिली होती मला,” ती म्हणाली. “बोलला, मराठी शिक यातून, ये असली मराठी है. मी दुपारी रोज लावते. मला त्या फार आवडतात. मला वाटायचं सगळे घरात असंच बोलतात. मग सगळे हसायचे तर मला वाटायचं माझं उच्चारण चुकतंय.”

“मी शपथ मोडली, ताई,” गुलाबराव म्हणाले. “पाळी आली की यतीन मशीन लावून द्यायचा, नि मी त्याला रोकत नव्हतो. सगळ्याच कॅसेटांच्या नकला आहेत घरात. परवा खाली शांतारामकडे बसलो होतो तेव्हाच सांगायचं होतं. पण सेक्रेटरी मी. धाड पडलेली. आणि शांतारामने हात जोडून सांगितलं होतं, नक्कल नका करू. त्याच्या तोंडाकडे बघून जीभच उचलेना.”

“राधा उद्या जाणार होती,” कुसुम म्हणाली. “आणि तुम्ही तिला तशीच जाऊ देणार होतात?”

ते रडू लागले. मला त्यांचा राग आला होता, तो तेवढ्याने गेला नाही. पण कुसुम म्हणाली, “तुमच्या कपाटात बाकी काय आहे ते मला बघायचं नाही. मी पोलिस नाही. ती एक कॅसेट द्या. आणि तुम्ही स्वतः घेऊन चला.”

खाली दार उघडं होतं. साधनाने सांगून टाकलं होतं, कारण शांताराम खुर्चीत मान खाली घालून बसला होता आणि साधना खोलीत नव्हती. राधा म्हणाली, “त्या गेल्या वर. मी त्यांना काही बोलले नाही. मला बोलताच आलं नाही.”

गुलाबरावांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॅसेट शांतारामच्या हातात ठेवली. “माफ कर मला,” असं म्हणायला गेले, पण निम्मंच बोलले. शांताराम कॅसेटकडे बघत राहिला. त्याच्या शपथेचं काय झालं ते त्याला समजलं, आणि ती मोडल्यामुळेच काय वाचलं तेही समजलं. तो गुलाबरावांना रागावला नाही, जवळही घेतलं नाही. राधाने त्याच्या हातातून कॅसेट घेतली आणि मशीनमध्ये सरकवली.

नक्कल ती नक्कल. चित्र फिकट होतं, मधूनच खालून वर पळत होतं. पाच मिनिटं त्या रटाळ सिनेमाची नावं गेली. मग मांडवाचा पडदा दिसला.

“थांब,” शांताराम म्हणाला. राधाने चित्र थांबवलं. तो उठून भिंतीवरच्या खटक्यापाशी गेला. गेलं वर्षभर ज्या खटक्याने तो कायद्याला तोंड देत होता, त्यावर हात ठेवून तो कुसुमकडे वळला. “वहिनी, साधनावहिनी वर एकट्या आहेत. त्यांना खाली या म्हटलं तर त्या येणार नाहीत. त्यांच्याकडे वळवतो. पण राधाने बघायचं तर आमचा टीव्हीही चालू राहणार. दोन घरं होतात.”

एवढ्या प्रसंगातही हा माणूस परवानगी मागत होता. 

“भाऊजी,” कुसुम म्हणाली, “हे नाटक अहिल्येचं. तिने लिहिलेलं, तिने केलेलं. त्याचे हक्क आता तुमचे आणि राधाचे. साऱ्या मयूर विहारला दाखवलंत तरी कायदा तुमच्या दाराशी यायचा नाही. त्या कपाटातली हीच एक कॅसेट अशी होती, की जिला खटक्याची गरज नव्हती.”

शांतारामने खटका पहिल्या मजल्याकडे वळवला. “टीव्ही चालू करा, वहिनी,” असं त्याने जिन्यात जाऊन वर ओरडून सांगितलं, आणि कशासाठी ते सांगायची गरज पडली नाही.

राधाने बटण दाबलं.

पडद्यावर साधना दूध घेऊन आली, आपल्या खऱ्या वयाहून दहा वर्षांनी लहान दिसत. “घ्यावं, वन्सं,” ती म्हणाली. मग अहिल्यावहिनी वळल्या, पदराचं टोक पुढे केलं, मान उडवली आणि बोलल्या. वरच्या मजल्यावर तोच आवाज उमटला. उघड्या दारातून, जिन्यातून तो पुन्हा खाली आला, आणि त्या छोट्याशा घरात अहिल्यावहिनी दोन्हीकडून बोलत असल्यासारखं झालं.

राधा दोन्ही हात तोंडावर धरून बघत होती. दाराशी चेतना उभी होती, ओठ हलवत, प्रत्येक वाक्य त्यांच्याबरोबर बोलत. थोड्या वेळाने जिन्यात चपला वाजल्या आणि वरून येणाऱ्या आवाजाबरोबर साधना दारात येऊन थांबली. आत यायचं धाडस तिला होत नव्हतं.

राधाने पडद्यावरची नजर हलवली नाही. ती पलंगावर थोडी सरकली आणि शेजारची जागा हाताने साफ केली.

मी या वेळी डोळे मिटले नाहीत.